डावीकडची धावपट्टी

डेपोत त्यांना सगळे लोणीसाहेब म्हणत. साहेब ते कुठल्याच अर्थाने नव्हते. एकतीस वर्षं बस चालवली, एवढीच काय ती साहेबी. पण ब्रेक असा लावायचे की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा कपाच्या कडेलासुद्धा येत नसे. कोणीतरी एकदा म्हणालं, "काय ब्रेक आहे, नुसतं लोणी," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. अशा माणसाला निवृत्तीला पाच वर्षं उरलेली असताना गाडीवरून उतरवलं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नेऊन बसवलं, तर तो चिडणार नाही तर काय आरती ओवाळणार? लोणीसाहेब चिडले. त्याला दोन वर्षं झाली, तरी ते चिडलेलेच होते.

खोली डेपोच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला लागून. तिथे एकशे बारा छत्र्या, जेवणाचे डबे, चष्मे, एकेकटे बूट, एक कवळी आणि एक कुबडी होती. कुबडी घेऊन आलेला माणूस कुबडीशिवाय उतरून चालत कसा गेला, हा प्रश्न लोणीसाहेबांना रोज पडायचा. काम म्हणजे आलेली वस्तू वहीत लिहायची, चिठ्ठी बांधायची आणि फळीवर ठेवायची. दिवसभरात तीन माणसं फिरकली तर गर्दी झाली म्हणायचं.

हे सगळं झालं ते मास्तरांमुळे, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणजे त्यांच्या गाडीवरचे कंडक्टर. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीवर, एकाच मार्गावर. एकाने घंटी दिल्याशिवाय दुसऱ्याने गिअर टाकला नाही. आणि एके दिवशी याच मास्तरांनी डेपोच्या साहेबांना लिहून दिलं की चालकाला डावीकडचं दिसत नाही, आणि हे आजचं नाही, दीड वर्षापासूनचं आहे. निमित्त झालं एका सायकलचं. थांब्यावर बस वळताना सायकलचं हँडल घासलं गेलं, पोरगी बाजूला उडी मारून उभी राहिली, खरचटलंसुद्धा नाही. पण अर्ज गेला, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की मागे कधीतरी झोपेत मेंदूला छोटासा झटका येऊन गेला असावा. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. तिथे अंधारबिंधार काही दिसत नाही. तिथे काही नाहीच असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. म्हणून मान वळवून बघायची सवय लावा, असंही डॉक्टर म्हणाले होते.

लोणीसाहेबांनी त्यातलं एक अक्षर मनावर घेतलं नाही. पेपर तर मी सगळा वाचतो, मग दिसत नाही कसं? आणि समजा दिसत नव्हतं, तर दीड वर्ष गाडी कोण चालवत होतं? हा सवाल ते भेटेल त्याला टाकायचे आणि समोरचा गप्प झाला की आपण जिंकलो असं समजायचे. त्यातून मास्तरांना त्याच आठवड्यात बढती मिळाली. गाडीवरून उतरून ते डेपोच्या नियंत्रण केबिनमध्ये जाऊन बसले, माइकवरून गाड्या पुकारायला. मग काय, दोन आणि दोन चार. स्वतः वर चढायला मास्तरांनी आपल्याला शिडी केलं, हे लोणीसाहेबांच्या मनात पक्कं झालं. तेव्हापासून बोलणं बंद. रोज त्या केबिनवरून जायचे, पण असे जायचे की जणू तिथे केबिनच नाही.

घरी त्यांच्या बायकोचं मत वेगळं होतं, पण ती ते बोलून दाखवत नसे. जेवताना ताटाची डावी बाजू तशीच राहायची आणि लोणीसाहेब कुरकुरायचे की आज वाढलंच कमी. ती ताट अर्धं फिरवून पुन्हा पुढे ठेवायची. सुनेनेही हे पाहिलं होतं. सून घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची, तिच्या टेबलावर भला मोठा पडदा होता, आणि काम संपलं की त्याच पडद्यावर ती विमान उडवायची. खेळण्यातलं म्हणावं तर तसं नाही. खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल, चार जणांचं एका इंजिनाचं छोटं विमान, खरे डोंगर, खऱ्या नद्या, त्या दिवशी बाहेर असेल तसंच हवामान. टेबलाला स्टेअरिंगसारखं हँडल चिमट्याने बसवलेलं आणि पायाशी पेडल.

सुटीच्या दिवशी सासरेबुवा घरभर फिरून प्रत्येकाच्या कामात खोट काढायला लागले, की सगळ्यांना भीक नको पण कुत्रं आवर असं व्हायचं. अशाच एका रविवारी तिने त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि हँडल हातात दिलं. हा पोरखेळ आहे, मी खरी गाडी चालवलेला माणूस आहे, वगैरे झालं. पण हातात हँडल आणि पायाखाली पेडल आलं की चालकाचं काय होतं ते चालकालाच कळतं. पहिल्या दोन खेपांना विमान शेतात गेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते धावपट्टीवर असं टेकवलं की टेकलं कधी ते सुनेला आवाजावरून कळलं. त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा ते जेवताना कुरकुरले नाहीत.

सून ज्या मंडळात उडायची त्या मंडळाची दरवर्षी एक लांबची फेरी असायची. या वर्षी दोन हजार सातशे किलोमीटर, नऊ टप्प्यांत, महिनाभरात पुरी करायची. शेवट समुद्रातल्या एका बेटावर, जिथे एकच धावपट्टी होती. नियम कडक. विमान आपोआप चालवणारं बटण बंद, आपण नकाशावर कुठे आहोत ते दाखवणारा पडदाही बंद. कागदी नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि आपली नजर, एवढ्यावर जायचं. एकट्याने जा, नाहीतर सोबत वाट दाखवणारा एक जण घ्या. फेरी पुरी करणाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळायचं. सुनेने हे सहज म्हणून सांगितलं, पण लोणीसाहेबांनी ऐकलं एवढंच की आपली नजर. त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. केवळ नजरेच्या जोरावर दोन हजार सातशे किलोमीटर विमान नेलं, तर डोळे ठणठणीत आहेत हे आपोआप सिद्ध झालं. ते प्रशस्तिपत्र डेपोच्या सूचनाफलकावर लावायचं, अगदी नियंत्रण केबिनच्या समोर, मास्तरांच्या नाकावर टिच्चून. एकटाच जाणार, असं त्यांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवसापासून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीला कळा आली. सुनेने छापून दिलेले नकाशाचे सोळा तुकडे त्यांनी काउंटरवर चिकटपट्टीने जोडले. कडा उडू नयेत म्हणून एका बाजूला कवळीचा डबा आणि दुसऱ्या बाजूला बेवारशी बूट. मग ड्युटीच्या वहीसारखी वही आखली. टप्पा, सुटण्याची वेळ, अंतर, पोहोचण्याची वेळ, शेरा. विमान ताशी एकशे नव्वदने जातं, तासाला पस्तीस लिटर पेट्रोल पितं, टाकी दोनशे लिटरची. टाकी भरली तर साडेपाच तास निघतात, पण लोणीसाहेबांनी दर मुक्कामी टाकी भरायची असंच लिहिलं. अर्ध्या टाकीवर घाटात गेलेला चालक शहाणा नसतो, हे त्यांचं जुनं तत्त्व. डोंगर ओलांडताना किती उंची ठेवायची, एक धावपट्टी ढगाखाली गेली तर जवळची दुसरी कोणती, सगळं लिहिलं.

एकच गोष्ट त्यांना पटेना, ती म्हणजे बाजूचा वारा. बस रस्त्यावरून जाते, वारा तिला काय करणार? सून समजावून थकली की बाजूने वारा असेल तर विमानाचं नाक सरळ ठेवूनही विमान तिरकंच सरकतं, म्हणून नाक थोडं वाऱ्याकडे ठेवायचं. तिने तक्ता करून दिला. लोणीसाहेबांनी मान डोलावली आणि तक्ता वहीत घालून ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी.

फेरी सुरू व्हायला तीन आठवडे होते, म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी चौथ्या टप्प्याची तालीम घ्यायचं ठरवलं. तो सगळ्यात अवघड. तळ्याकाठच्या गावातून उठायचं, जंगल ओलांडायचं आणि नदीच्या वळणावरच्या छोट्या पट्टीवर उतरायचं. वहीत लिहिलं होतं, एक तास बावन्न मिनिटं. सून शेजारी तिच्या कागदांत डोकं घालून बसली होती. तिने मदत करायची नाही, असा लोणीसाहेबांनी दम भरलेला होता.

उड्डाण सुरेख झालं. जंगल आलं तसं गेलं. नदी दिसली. एक तास बावन्न मिनिटं झाली, पण पट्टी काही आली नाही. पंचावन्न झाली. दोन तास झाले. समोर वहीत नसलेले डोंगर उभे राहिले. लोणीसाहेबांनी उजवीकडे वळण घेतलं, पुन्हा एक घेतलं, आणि मग आपण कुठे आहोत हे त्यांना अजिबात कळेना. पेट्रोल भरपूर होतं, डोकं मात्र रिकामं झालं होतं. तेवढ्यात खाली एक रस्ता दिसला. चांगला रुंद, काळाभोर, मधे पांढरी रेघ. चालकाला रस्ता दिसला की जिवात जीव येतो. मागचापुढचा विचार न करता त्यांनी विमान रस्त्यावर घेतलं, आणि काय टेकवलं म्हणता, लोणी. पण विमानाला पंख असतात. डावा पंख विजेच्या खांबाला लागला, विमान गरकन फिरलं आणि पडद्यावर अक्षरं आली की विमान नादुरुस्त झालं आहे.

नकाशा चुकीचा आहे, असं लोणीसाहेबांनी जाहीर केलं. त्या जागी पट्टी नाहीच.

सुनेने वाद घातला नाही. झालेलं उड्डाण पडद्यावर पुन्हा बघायची सोय होती, तिने ते मागे नेलं आणि एक तास एकोणपन्नास मिनिटांवर चालू केलं. लोणीसाहेब हाताची घडी घालून बघत होते. नदी, झाडं, पुन्हा नदी. कुठे आहे पट्टी? बायको वाळलेले कपडे घेऊन मागून चालली होती. ती दारातच थांबली.

"अहो, ही काय इथे. मला इथून दिसतेय," ती म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

सुनेने चित्र थांबवलं आणि पडद्याच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. बोट कुठे गेलं म्हणून लोणीसाहेबांनी मान वळवली. तिथे पट्टी होती. लांबलचक, पांढऱ्या खुणांची, बाजूला दोन पत्र्याच्या छपऱ्या, आत्ताच कोणी आणून ठेवल्यासारखी. त्यांनी मान सरळ केली. पट्टी नाही. वळवली, आहे. सरळ केली, नाही. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवले होते, डेपोच्या साहेबांनी कागद दाखवला होता, तेव्हा हा माणूस बधला नव्हता. आता पडदाही तोच, चित्रही थांबलेलं, आणि मान वळवली की आहे आणि सरळ केली की नाही. याला काय म्हणणार? सुनेने वेळ बघितली. पट्टी पडद्यावर दोन मिनिटं दहा सेकंद होती.

"बाबा, तुम्ही डावीकडे बघितलंच नाहीत. असं का?" तिने विचारलं. टोचून नाही, खरंच विचारलं.

लोणीसाहेबांना उत्तर ठाऊक होतं आणि ते त्यांनी सांगूनही टाकलं. डावीकडून कोणी काही बोललं नाही, म्हणून डावीकडे काही नाही असं त्यांनी धरलं होतं. हे उत्तर स्वतःच्याच कानावर पडलं आणि ते उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

कोण बोलायचं डावीकडून? गाडीचा दरवाजा डावीकडे आणि दरवाज्यात मास्तर. पहिली वीस वर्षं मास्तर म्हणजे घंटीपुरते. पण शेवटी शेवटी त्यांना भलतीच बडबड सुटली होती. डावीकडे सायकल आहे. डावीकडे आजोबा उभे आहेत, हळू घ्या. डावीकडून रिक्षा घुसतेय. तिकिटं फाडता फाडता तोंड चालूच. लोणीसाहेब तेव्हा वैतागायचे, घरी येऊन सांगायचे की मास्तरांना वय झाल्यावर वाचा फुटली. वैतागत वैतागत त्यांना त्याची सवय झाली होती. मास्तर बोलले की डावीकडे काहीतरी आहे, मास्तर गप्प असले की रस्ता मोकळा. त्या सायकलच्या दिवशी गाडीत लहान मूल ओकलं होतं आणि मास्तर मागे पाणी द्यायला गेले होते. दरवाज्यात कोणी नव्हतं. हे लोणीसाहेबांना दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत वाटली.

सोमवारी दुपारी गाड्यांची वर्दळ जरा कमी झाल्यावर ते नियंत्रण केबिनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मास्तर माइक बंद करून वही लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि समोरच्या स्टुलावरच्या फायली उचलून मांडीवर घेतल्या. स्टूल मोकळं झालं. लोणीसाहेब बसले. मग त्यांनी आपला जुनाच सवाल काढला. पण आता तो सवाल वेगळ्या आवाजात निघाला.

"मास्तर, दीड वर्ष गाडी कोण चालवत होतं?"

"दोघं चालवत होतो," मास्तर म्हणाले.

मग मास्तरांनी सांगितलं. एकदा थांब्यावरची बाई डावीकडून चढत असताना गाडी हलली, तेव्हा त्यांना पहिली शंका आली. मग त्यांनी आठ दिवस लक्ष ठेवलं आणि शंकेची खात्री झाली. बोलायची हिंमत झाली नाही. लोणीसाहेबांना गाडीवरून उतरवणं म्हणजे काय, हे मास्तरांपेक्षा जास्त कोणाला माहीत? म्हणून दरवाज्यात उभं राहून डावी बाजू आपण सांभाळायची असं त्यांनी ठरवलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. मग बढतीचं पत्र आलं. सोमवारपासून गाडीवर नवा कंडक्टर येणार होता, आणि त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की या गाडीत डावीकडचं तोंडाने सांगावं लागतं.

"मी खाली उतरलो असतो आणि तुम्ही तसेच गेला असतात," मास्तर म्हणाले. "म्हणून लिहून दिलं. आणि खरं सांगू? दीड वर्ष उशिरा लिहिलं. त्या पोरीला लागलं असतं तर ते माझ्या माथी होतं, तुमच्या नाही. मला अजून ती सायकल दिसते."

"मला तोंडावर सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

लोणीसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. नसतं ऐकलं. तसं त्यांनी सांगितलंही. बाहेर कुठल्याशा गाडीचा चालक हॉर्न देऊन देऊन कंटाळला होता, कारण गाडी पुकारायची वेळ टळून चार मिनिटं झाली होती. मास्तरांच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं. त्यांनी माइक चालू करून गाडी पुकारली आणि मग नाक पुसलं. लोणीसाहेबांनी तेवढ्यात विमानाचं सांगून टाकलं. दोन हजार सातशे किलोमीटर, नऊ टप्पे, आणि सोबत एक माणूस चालतो. येता का? मास्तर म्हणाले की मला विमानातलं काडीचंही कळत नाही. लोणीसाहेब म्हणाले, मला तरी कुठे कळतं.

पुढच्या रविवारी मास्तर नऊ वाजता सांगून नऊला पाच मिनिटं असताना आले. काखेत वही, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या त्यांनी लोणीसाहेबांची वही मागून घेतली आणि तिच्यात अकरा चुका काढल्या. सुनेचा वाऱ्याचा तक्ता त्यांना तीनच मिनिटांत कळला, कारण तक्ता कसलाही असो, मास्तरांचा तो हातचा मळ. कुठल्या टप्प्याला वारा कुठून आणि किती, त्यासाठी नाक किती वळवायचं, दर दहा मिनिटांनी खाली काय दिसायला हवं, हे सगळं त्यांनी रकाने पाडून लिहिलं. वाटेत तळं, पूल, रेल्वेचा फाटा, जे ओळखता येईल ते थांबा म्हणून धरलं आणि प्रत्येक थांब्याला वेळ दिली. थांबा वेळेवर आला नाही तर पुढे जायचं नाही, तिथेच घिरटी घालायची. लोणीसाहेब म्हणाले, ही काय बस आहे का? मास्तर म्हणाले, बस कधी हरवली होती का तुमची?

बसायचं कसं यावर मात्र घोळ झाला. सुनेने सांगितलं की अशा विमानात चालवणारा डावीकडे बसतो आणि सोबती उजवीकडे. मास्तर म्हणाले, असेल, पण मी डावीकडेच बसणार. खुर्ची तिकडेच लागली.

फेरी सुरू झाली. दर सुटीला दोन टप्पे, कधी एक. पहिल्या चार टप्प्यांत मास्तरांचं तोंड बंद म्हणून नव्हतं. डावीकडे टेकडी, डावीकडे मनोरा, डावीकडून ढग येतोय. नदीच्या वळणावरची ती पट्टी या वेळी बरोब्बर एक तास एक्कावन्न मिनिटांनी आली आणि लोणीसाहेबांनी विमान तिच्यावर अलगद ठेवलं. बायको चहा घेऊन आली ती उभीच राहिली. इतकी वर्षं नवऱ्याच्या गाडीत बसले पण असा चेहरा करून चालवताना कधी बघितलं नव्हतं, असं ती नंतर सुनेला म्हणाली.

पाचव्या टप्प्यापासून मास्तर बदलले. ते सांगायचे बंद झाले आणि विचारायला लागले. डावीकडे काय आहे? लोणीसाहेबांना मान वळवून बघावं लागायचं आणि मगच उत्तर देता यायचं. सुरुवातीला ते चिडले. मास्तर, तुम्हाला दिसतंय तर सांगा ना. मास्तर म्हणायचे की माझा चष्मा पुसतोय, तुम्हीच बघा. त्या टप्प्यात मास्तरांनी चष्मा वीसएक वेळा पुसला असेल. सातव्या टप्प्यात त्यांनी फक्त खाकरायला सुरुवात केली. तेवढ्यानेही मान वळायची.

हे खूळ मग पडद्यापुरतं राहिलं नाही. रस्ता ओलांडताना लोणीसाहेब आधी डावीकडे पूर्ण मान फिरवून बघायला लागले. शेजारणीने विचारलंसुद्धा की यांची मान धरलीय का. एके दिवशी जेवताना बायकोने सवयीने ताट फिरवायला हात पुढे केला, तर ताट रिकामं. ती हात तसाच धरून बसली. मग उठून आत गेली आणि परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. लोणीसाहेबांनी ते पाहिलं. बिचारी डावीकडेच बसली होती.

गाडी पुन्हा मिळणार नव्हती. हे त्यांना आता कळलं होतं आणि मान्यही होतं. सूचनाफलकाचा विचारही कधीतरी मागे पडला होता. प्रशस्तिपत्र कुठे लावायचं असं सुनेने विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आधी बेट तर येऊ दे.

नववा टप्पा समुद्रावरचा. तीनशे किलोमीटर निव्वळ पाणी, एक थांबा नाही, वारा डावीकडून, तोही मधेच बदलणारा. मास्तरांच्या वहीत त्या टप्प्याला नुसत्या वेळा होत्या, खुणा एकही नाही. सगळं घर टेबलाभोवती जमलं होतं. तास झाला, दीड तास झाला. पाणी, वर ढग, खाली पुन्हा पाणी. वेळ जवळ आली. सुनेने ओठ दाताखाली धरला होता. बायकोने तर बघायचंच सोडलं आणि ती खिडकीबाहेर तोंड करून उभी राहिली. एक तास सदतीस मिनिटांना मास्तरांना ढगाच्या कडेखाली, डाव्या कोपऱ्यात, बेटाची करडी रेघ दिसली. मग तिच्यावर पांढरा ठिपका दिसला. मग पट्टी दिसली. मास्तरांनी चष्मा पुसला नाही, खाकरले नाहीत. तोंडावर मूठ धरून ते समोरच्या घड्याळाकडे बघत बसले.

अर्धं मिनिट गेलं. पाऊण मिनिट गेलं. डावीकडून कोणी काही बोललं नाही.

लोणीसाहेबांनी हँडलवरचा एक हात काढून मांडीला पुसला, आणि आपली मान डावीकडे वळवली, खांद्यापर्यंत, सावकाश.

"मास्तर," ते म्हणाले, "डावीकडे पट्टी आहे. तुम्हाला दिसली नाही?"

"नाही बुवा," मास्तर म्हणाले. "आता दिसली."

लोणीसाहेबांनी विमान डावीकडे वळवलं.